गाळ म्हणजे गॅलन नव्हे

नंदा गायकवाडने माझ्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, दोन कोपऱ्यांवर मीठ आणि लोणच्याची बरणी ठेवली आणि एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, हे आमचं देऊळ. आणि हे पाणी."

पाणी देवळाच्या कळसाच्या वर होतं.

नंदा माझी विद्यार्थिनी नाही की नातलग नाही. ती महापालिकेच्या शाळेत शिकवते आणि येरवड्याला नदीकाठच्या एका वस्तीत राहते. कुणीतरी तिला सांगितलं की कोथरूडला एक रिटायर्ड बाई आहेत, त्या नदीचं गणित करतात. एवढ्या पत्त्यावर ती विचारत विचारत आली होती. तिच्या गल्लीत दारोदार नोटिसा चिकटवल्या होत्या. आपले घर पूररेषेच्या आत येते, हरकत असल्यास सुनावणीस हजर राहावे, अन्यथा स्थलांतराची तयारी ठेवावी. स्थलांतर कुठे, तर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिची शाळा, मुलांच्या शाळा, सासूबाईंचं डायलिसिस, सगळं येरवड्यात.

पूररेषा म्हणजे मोठ्या पुरात पाणी जिथवर पोचेल तिथवर नकाशावर ओढलेली रेघ. ती कुणी डोळ्यांनी बघून ओढत नाही. नदीचा तळ, काठांची उंची, धरणातून सोडलेलं पाणी, तळाशी साचलेला गाळ, हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये घालतात आणि ते रेघ काढून देतं. रेघेच्या आत तुमचं घर आलं की तुमचं म्हणणं संपलं. कॉम्प्युटरने सांगितलंय म्हटल्यावर बोलायचं कुणाशी?

"आमच्याकडे पाणी येतच नाही असं मी म्हणत नाही," नंदा म्हणाली. "खालच्या दोन ओळींत शिरतं. खोटं कशाला बोलू? पण देवळाला कधी लागलेलं नाही. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून नाही."

मी आयुष्यभर इंजिनियरिंग कॉलेजात हायड्रॉलिक्स शिकवलं, म्हणजे वाहत्या पाण्याचं शास्त्र. लोकांची आठवण आणि पाण्याचं गणित यांत फरक पडतो, हे मला माहीत आहे. पण एवढा पडत नाही. मी तिच्याकडून नकाशासोबतचा रिपोर्ट घेतला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर सूर्योदय, आणि सॉफ्टवेअरचं एक चकचकीत इंग्रजी नाव, शेवटी 'प्रो' लावलेलं. कंपनी पुण्यातलीच. नाव लिहीत नाही, भाच्याने बजावलंय आणि तो वकील आहे.

रिपोर्टमध्ये नदीचा उभा छेद होता. नदीचा तळ वरून खाली कसा उतरत जातो, त्याचा हा आलेख. पुलाच्या अलीकडे पाणी संथ होतं आणि गाळ बसतो, त्यामुळे तिथे तळाला थोडा उंचवटा असतो. दरवर्षी असतो. या आलेखात तिथे टेकडी होती. चतु:शृंगीची नसेल, पण पायऱ्या बांधाव्यात एवढी नक्की.

आता इथे मला 'ओघ'बद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा संताप त्यातून आलेला आहे.

'ओघ' हे नदीच्या पुराचं सॉफ्टवेअर मी आणि वसंत देवधर यांनी लिहायला घेतलं, तेव्हा कॉलेजात एकच कॉम्प्युटर होता. त्याला एसी होता, आम्हाला पंखा. भाषा फोर्ट्रान. तिच्यात नावं सहा अक्षरांत बसवावी लागत, आणि इंग्रजी लिपीत. आम्ही दोघं मराठीत विचार करायचो, म्हणून नावंही मराठीच ठेवली. पाण्याला PANI, उताराला UTAR, काठाला KATH आणि गाळाला GAL. प्रत्येक नावाशेजारी एक कॉमेंट. कॉमेंट म्हणजे कोडमधली अशी ओळ, जी मशीन वाचत नाही, पुढे तो कोड हातात घेणाऱ्या माणसासाठी असते. GAL पुढे आम्ही लिहिलं होतं, गाळ, म्हणजे तळावर साचलेल्या मातीची जाडी, मीटरमध्ये. खाली लिहिणाऱ्याचं नाव, देवधर.

चुकीचे आकडे घातले तर काय संदेश यावा, हे खातंही देवधरांचं. ते सदाशिव पेठेत वाढलेले. "एरर सतरा म्हटलं तर चुकणाऱ्याला काही लागत नाही," असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते पाटी लिहावी तसे संदेश लिहायचे. धरणात मावणार नाही इतकं पाणी घातलं तर पडद्यावर यायचं, 'पाणी आपले, धरण आमचे'. नदीचा तळ पुढे उतरायच्या ऐवजी काठाच्याही वर चढायला लागला तर यायचं, 'नदी डोंगरावर चढत नाही. आकडे तपासा.' तेव्हा पडद्यावर देवनागरी उमटत नसे, म्हणून हेही सगळं इंग्रजी अक्षरांत.

फ्लॉप्या बुधवार पेठेतून आणायच्या, त्यावर 'ओघ' भरायचं आणि जो मागेल त्याला द्यायचं, असं बरीच वर्षं चाललं. मग इंटरनेट आलं आणि आम्ही ते सगळ्यांसाठी खुलं केलं. यालाच ओपन सोर्स म्हणतात. लोक म्हणतात फुकट. फुकट नव्हे, पाणपोई. कुणीही यावं, प्यावं, घागर भरून न्यावी, पुढे जाऊन सरबत करून विकावं, आमची ना नाही. अटी दोनच. पाणपोईची पाटी उखडायची नाही, म्हणजे लिहिणाऱ्यांची नावं काढायची नाहीत. आणि तुम्ही ते बदलून पुढे कुणाला दिलंत, तर बदललेलं त्यालाही उघडं करून द्यायचं.

पाणपोई चांगली चालली. कॉम्प्युटरच्या भाषा बदलत गेल्या, फोर्ट्रानचं सी झालं, सीचं पायथन झालं. कधी न भेटलेल्या माणसांनी त्यात भर घातली. चिलीमधल्या एका प्राध्यापिकेने विचारलं की 'आकडे तपासा' म्हणजे काय. आता तिचे विद्यार्थी एकमेकांना 'आकडे तपासा' म्हणतात, असं ती कळवते. मधल्या काळात देवधर गेले. दर पावसाळ्याआधी कुणीतरी विचारायचं की ही मराठी नावं बदलून इंग्रजी करूया का. मी नाही म्हणायचे. जपानी माणसाला त्सुनामी शब्द बदला म्हणून कुणी सांगत नाही.

तर तो रिपोर्ट. त्यात नदीच्या मूळ तळाची मोजणी दिलेली होती, गाळाची जाडीही दिलेली होती. दोन्हींची बेरीज केली की आलेखातला तळ यायला हवा. येत नव्हता. उलट बाजूने गेले. आलेखातल्या तळातून मूळ तळ वजा केला, म्हणजे त्यांच्या सॉफ्टवेअरने किती गाळ धरला ते समजलं. त्याला मोजलेल्या गाळाने भागलं. पुलाजवळ भागाकार आला पावणेचारच्या किंचित वर. त्याच्या वरच्या ठिकाणी तोच. त्याच्याही वर तोच. चूक असेल तर ती इकडे थोडी, तिकडे जास्त अशी होते. इतकी शिस्तशीर चूक माणूस करत नाही. मी आकडा नीट काढला, तो होता ३.७८५.

हा आकडा कुठेतरी पाहिलाय असं वाटत राहिलं. चहाला आधण ठेवलं आणि एकदम लक्षात आलं. एका अमेरिकन गॅलनमध्ये तेवढे लिटर असतात.

मी गॅस बंद केला. चहाची इच्छा गेली होती. तीन अक्षरं, जी, ए, एल. कुणीतरी ती गॅलन म्हणून वाचली होती आणि लिटर करून टाकली होती. गाळाची जाडी, मीटरमध्ये मोजलेली, तिचे लिटर केले. साडीची लांबी छटाकात मोजावी तसं. आणि नदीचा गाळ GAL या नावाने जगात एकाच सॉफ्टवेअरमध्ये आहे, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ते नाव मी ठेवलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन केला. चार जणांनी एकमेकांकडे टोलवल्यावर व्हाइस प्रेसिडेंट मिळाले. त्यांना इथे निखिल म्हणू. आडनाव देत नाही, कारण त्यांचे आईवडील सज्जन असावेत असं मला अजूनही वाटतं. मी विचारलं की तुमचं सॉफ्टवेअर 'ओघ'वरून केलंय का.

"नो नो मॅडम, हंड्रेड परसेंट इन-हाउस आहे. आमच्या टीमने स्क्रॅचपासून बिल्ड केलंय."

"गाळाचं गणित कसं करता?"

"ते प्रोप्रायटरी आहे. पण रेस्ट अशुअर्ड, कोड एकदम मॉडर्न आहे. एआय टूल लावून आम्ही सगळा क्लीन केलाय. जुनी इम्पिरियल युनिट्ससुद्धा मेट्रिक केलीत."

"स्क्रॅचपासून केलंत ना? मग जुनी युनिट्स आली कुठून?"

मग ते म्हणाले, "मॅडम, ओपन सोर्स म्हणजे फ्रीच असतं ना शेवटी?"

मी पाणपोईची गोष्ट सांगितली नाही. नकाशा चुकलाय आणि त्यात माणसांची घरं जातायत, एवढंच सांगितलं. त्यांनी माझा ईमेल आयडी घेतला आणि लूप बॅक करतो म्हणाले. त्यांचं ऑफिस त्या वस्तीपासून रिक्षाने दहा मिनिटांवर, काचेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर. खिडकीतून नदी दिसत असणार. एखाद्याने चहा पिता पिता खाली पाहिलं असतं तरी पाणी कळसाला कसं टेकेल, असा प्रश्न पडला असता. लूप काही बॅक झाला नाही.

म्हणून मी नंदाबरोबर सुनावणीला गेले.

हॉलमध्ये वस्तीतले लोक मागे उभे होते. कामावर खाडा करून आले होते. पुढच्या खुर्च्या कंपनीसाठी राखून ठेवलेल्या. सुनावणी घ्यायला कार्यकारी अभियंता शेळके साहेब बसले होते. माणूस वाईट नव्हता, पण त्याला जेवायच्या आत संपवायचं होतं. निखिलने आधी प्रेझेंटेशन केलं. त्यात पूर आला, निळा रंग हळूहळू पसरला आणि देऊळ बुडालं. मागच्या लोकांनी आपली घरं एकेक करून बुडताना पाहिली. निखिलने पॉइंटर खिशात ठेवत विचारलं, "एनी क्वेश्चन्स?" मला तेव्हाच हात उचलावासा वाटला, आणि तो प्रश्न विचारण्यासाठी नव्हे.

शेळके साहेब म्हणाले, "मॅडम, आपल्याला काय म्हणायचंय ते थोडक्यात सांगा."

"थोडक्यात सांगते. नकाशा चुकलेला आहे. आणि तो चुकला, कारण माल चोरीचा आहे."

निखिल उठून म्हणाला की हे बदनामीकारक आहे आणि कंपनी लीगल टीमशी बोलेल. मी म्हटलं, जरूर बोला, पण आधी तुमचं सॉफ्टवेअर इथेच सुरू करा आणि पुलाजवळच्या छेदात गाळ दोन मीटर घाला. रिपोर्टात एक मीटर होता. दोन काही अशक्य नाही, एखाद्या पावसाळ्यात बसतो. निखिलने सांगितलं की प्रॉडक्शन सिस्टिमवर असं लाइव्ह करत नाहीत. शेळके साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"घाला की," ते म्हणाले. "दोन मीटरच सांगतायत, दोन किलोमीटर नाही."

मला काय होणार ते माहीत होतं. दोनाचे पावणेचारपट म्हणजे साडेसात मीटर. नदीचा तळ काठाच्या वर जाणार. आणि 'ओघ'मध्ये खूप खोल, रोज कुणाच्या वाटेत न येणाऱ्या एका कोपऱ्यात, देवधरांनी एक तपासणी लिहून ठेवली आहे. कंपनीने आमचे बाकीचे संदेश इंग्रजी केले होते, ते प्रेझेंटेशनमध्येच दिसलं होतं. पण जे त्यांना दिसले तेवढेच केले असणार, असा माझा अंदाज होता. चोर घाईत असतो.

पडद्यावरचा निळा रंग थांबला. मधोमध एक पांढरी चौकट आली.

NADI DONGRAVAR CHADHAT NAHI. AAKDE TAPASA.

शेळके साहेबांनी चष्मा वर केला आणि अडखळत मोठ्याने वाचलं. मग पुन्हा एकदा, न अडखळता वाचलं. "नदी डोंगरावर चढत नाही. आकडे तपासा." मागून वस्तीतला कुणीतरी म्हणाला, "बरोबर आहे की." लोक हसले, पण ते काही आनंदाचं हसू नव्हतं.

"सर, हा काहीतरी डीबग टेक्स्ट राहिलाय," निखिल म्हणाला.

"हा डीबग टेक्स्ट नाही," मी म्हटलं. "हे देवधर आहेत."

मग मी ओरडले. मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर मिनिट्समध्ये 'मॅडमनी काही तांत्रिक सूचना केल्या' असं आलं. मी सूचना केली नाही, मी ओरडले. मी म्हटलं, तुम्हाला आमची नावं नको होती. नावं होती कॉमेंटमध्ये. एकेक काढत बसायचा कंटाळा, म्हणून तुम्ही सगळ्या कॉमेंट एका फटक्यात उडवल्या. त्याच ओळींत लिहिलं होतं की GAL म्हणजे गाळ. माणसाचं नाव पुसायच्या घाईत तुम्ही शब्दाचा अर्थ पुसलात, मग उरलेल्या तीन अक्षरांचा अर्थ मशीनला विचारलात. मशीनने गॅलन सांगितलं. मशीन नदीकाठी राहत नाही, तिला माफ आहे. तुम्ही पुण्यात जन्मलात. टीममध्ये एकाला, फक्त एकाला, प्रश्न पडला नाही का, की नदीच्या तळाशी गॅलन कसला?

निखिलचा चेहरा पडला. तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे युनिट टेस्ट पास होत होत्या." हे त्याने खरोखर म्हटलं. घरं बुडवणारं सॉफ्टवेअर परीक्षेत पास होतं, हा त्याचा बचाव होता.

शेळके साहेबांनी मला विचारलं की आमच्या ऑफिसने सरळ तुमचं 'ओघ'च वापरलं असतं तर काय झालं असतं. मी म्हटलं, काही नाही, बरोबर उत्तर मिळालं असतं, तेही फुकट.

"फुकटचं टेंडर कसं काढणार?" ते म्हणाले. चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

नकाशा परत गेला. गाळ गाळासारखा धरून गणित पुन्हा झालं. या वेळी 'ओघ'वर, आणि शेजारी बसून तपासायला मी. रेघ खाली उतरली आणि नंदाने पहिल्या दिवशी सांगितलं होतं तिथेच येऊन थांबली. देऊळ कोरडं, तिचं घर कोरडं. खालच्या दोन ओळी आतच राहिल्या. तिथे खरंच पाणी शिरतं, आणि त्या लोकांना जवळपास घरं द्या म्हणून नंदा अजून ऑफिसात खेपा घालते. स्वतःचं घर वाचल्यावर तिने खेपा थांबवल्या नाहीत. नोटिसा मागे घेतल्याचं पत्र आलं, पण दारावरच्या नोटिसा काढायला कुणी आलं नाही. लोकांनीच पाणी लावून खरवडल्या.

कंपनीचं काय झालं, असं लोक मला उत्सुकतेने विचारतात. काही नाही झालं. कंत्राट त्यांच्याकडेच आहे. एक ईमेल आला, त्यात जे घडलं ते अनवधानाने घडलं असं तीनदा लिहिलं होतं. नावं परत घातली, जिथे कुणी जात नाही अशा एका पानावर, बारीक अक्षरांत. देवधरांच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं. मी कळवलं, त्यांनी दुरुस्त केलं. आता पुन्हा चुकलंय, वेगळ्या ठिकाणी.

आणि मग त्यांनी 'ओघ'साठी एक दुरुस्ती पाठवली. ओपन सोर्समध्ये कुणीही दुरुस्ती सुचवू शकतो, घ्यायची की नाही ते आम्ही ठरवतो. त्यांनी सुचवलं होतं की GAL हे नाव गोंधळात टाकतं, तेव्हा ग्लोबल युजर्सच्या सोयीसाठी ते बदलून इंग्रजी करावं. घरात शिरलेल्याने जाताना म्हणावं की तुमचा उंबरा फार उंच आहे, मला ठेच लागली, तसं हे. मी ती दुरुस्ती नाकारली. कारण लिहिलं नाही, कारण जे मनात होतं ते छापण्याजोगं नव्हतं.

त्याऐवजी देवधरांच्या पद्धतीची एक पाटी मी स्वतः लिहून 'ओघ'मध्ये लावली. गाळाचा आकडा मोजणीच्या ३.७८५ पट आला, की गणित थांबतं आणि पडद्यावर येतं, 'गाळ म्हणजे गाळ. गॅलन नव्हे.' आता देवनागरी उमटते, त्यामुळे ळ चांगला ठसठशीत दिसतो. चिलीच्या बाईंनी तो मुद्दाम मोठा करून पाहिला म्हणे.

गेल्या आठवड्यात त्याच कंपनीकडून 'ओघ'कडे एक तक्रार नोंदवली गेली. सही एका इंजिनियरची, आडनाव अस्सल मराठी. सॉफ्टवेअर अचानक थांबतं आणि पडद्यावर अनोळखी भाषेतला मजकूर येतो, कृपया भाषांतर पुरवावं. म्हणजे नवं 'ओघ'ही त्यांनी उचललं होतं, आणि गॅलनचा गुणाकार अजून तसाच होता. मी तक्रार बंद केली आणि खाली एक ओळ लिहिली. तुमच्या ऑफिसातून खाली उतरा, नदीकडे चालत जा, आणि खालच्या दोन ओळींतल्या कुठल्याही घरात विचारा, गाळ म्हणजे काय. दर पावसाळ्यानंतर ते तो घमेल्याने बाहेर काढतात.